पहिला हॉर्न

“अगं दांडी धर, दांडी!” असं मी ओरडेपर्यंत अंकिता पडली होती.

खिंडीच्या वळणावर समोरून उसानं भरलेली ट्रॉली आली. ड्रायव्हर बिरदेवनं ब्रेक दाबला, आणि ही पोरगी उभी होती तिथून जी निघाली ती पुढच्या सीटच्या लोखंडी कडेवर तोंड आपटूनच थांबली. दप्तर एकीकडं, डबा एकीकडं, मटकीची उसळ गाडीभर. ओठ फुटून रक्त हनुवटीपर्यंत आलं होतं. बाकीच्या पोरींनी गलका केला. मी तिला दंडाला धरून उठवलं, तर डोळे किलकिले करून विचारते काय, “स्टॅण्ड आलं, काका?”

म्हणजे पोरगी उभ्याउभ्या झोपली होती. माझं टाळकंच सटकलं. भीती वाटली की मला आधी राग येतो, ही माझी जुनी खोड आहे.

“रातभर मोबाईल चाळायचा आन सकाळी गाडीत पडायचं!” मी म्हणालो. “बारावीला हाईस न्हवं तू? काय लाजबीज?”

 मी माझा रुमाल पाण्यात भिजवून दिला, तो ओठाला लावून ती खिडकीशी बसली. दुसऱ्या मिनिटाला पुन्हा झोपली. रुमाल हातातच.

मी ज्ञानू, रहिमतपूरचा. एस.टी.त कंडक्टर म्हणून एकतीस वर्षं झाली. येत्या मे अखेरीला रिटायर होणार. त्यातली पंचवीसेक वर्षं मी हिवरखिंडीच्या मुक्कामी गाडीवर काढली आहेत. संध्याकाळी सात वाजता तालुक्याहून निघायचं, आठ-वीसला हिवरखिंडीत पोचायचं, गाडी मारुतीच्या देवळासमोर लावायची आणि गाडीतच पाठ टेकायची. पहाटे पाच-दहाला पहिली फेरी घेऊन तालुक्याला परत. एक दिवस मी आणि बिरदेव, दुसऱ्या दिवशी दुसरी जोडी.

आणि मुक्कामी गाडीचे तीन हॉर्न. ते कुठल्या नियमात नाहीत, पण गाव त्यावर चालतं. पहिला सव्वाचारला, उठा म्हणून. दुसरा पावणेपाचला, घर सोडा म्हणून. तिसरा पाच वाजून पाचला, आता कुणासाठी थांबणार नाही म्हणून. हिवरखिंडीत गजराचं घड्याळ कुणी विकत घेत नाही, एवढा आमच्या हॉर्नचा लौकिक.

स्टॅण्डवर पोचलो तेव्हा सहा-वीस झाले होते. एरवी गाडी लागली की मी तडक कॅन्टीनला जातो. त्या दिवशी अंकिताच्या ओठाला औषध लावायचं म्हणून थांबलो. गाडीतली प्रथमोपचाराची पेटी उघडली, तर त्यात बिरदेवचा कंगवा आणि तंबाखूची पुडी. शिव्या घालत कंट्रोलरच्या खोलीतून कापूस आणला आणि बाहेर येऊन बघतो तर बाकड्यांवर माझीच सगळी पोरं. तीस-एकतीस जण. कुणी दप्तरावर डोकं टेकून, कुणी एकमेकांच्या खांद्यावर, दोन पोरं तर खाली फरशीवर पेपर अंथरून. सगळी झोपलेली. नोव्हेंबरची थंडी, आणि स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून घेतलेले.

“हितं का झोपलाय रं?” मी विचारलं.

“कॉलेजचं गेट सव्वासातला उघडतं,” अंकिता म्हणाली. “तास साडेसातला. तवर कुठं जायचं?”

मी तिच्या ओठाला कापूस लावला. ती कळवळली, पण रडली नाही.

“सव्वासातला गेट उघडतं, मग सहालाच कशाला येताय?”

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला माझंच हसू यायला हवं होतं. “दुसरी गाडी हाय का काका, तुमच्याशिवाय?”

खरंच की. दुसरी गाडी नऊला.

“आन मोबाईलचं म्हणाल,” ती पुढं म्हणाली, ओठ सुजल्यामुळं शब्द जड येत होते, “तर मीच सांगते हिशोब. क्लास सुटल्यावर रातची तुमचीच गाडी. आठ-वीसला उतरते. मळा ओढ्यापलीकडं, जाईस्तोवर पावणेनऊ. आईचं कंबरडं धरलंय, म्हणून भाकरी मी टाकते. भांडी. मग अभ्यास. साडेअकराच्या आत पाठ टेकत न्हाई. सव्वाचारला तुमचा हॉर्न. पावणेपाच तास झोप. मोबाईल कवा बघू, तेवढं तुमीच सांगा.”

मी कापसाचा दुसरा बोळा केला.

“सहामाहीला फिजिक्सच्या पेपरात डोळा लागला माझा,” ती एकदम म्हणाली. “वीस मार्कांचं येत असून ऱ्हायलं. फेब्रुवारीत बोर्ड हाय. बोर्डात झोपले तर संपलंच. मला नर्सिंगला जायचंय.”

“आगं पन्नास मिनिटं गाडी मागं असती तर...” मी बोलून गेलो आणि मध्येच थांबलो.

कारण पन्नास मिनिटं हा आकडा मी हवेतून काढला नव्हता. तो माझ्या चांगला ओळखीचा होता.

ते आता सांगायलाच हवं. ही गाडी पूर्वी सहाला सुटायची. पाच-दहाची वेळ मी करून घेतली. मी, ज्ञानूनं.

सन दोन हजारची गोष्ट. माझी प्रियदर्शनी तेव्हा तीन महिन्यांची होती. नवससायासानं झालेली, अशक्त पोर. शकुंतला, माझी बायको, तिला एकटीनं सांभाळायची. गाडी सहाला सुटली की पुढच्या फेऱ्या आटोपून कराडला पोचेपर्यंत रहिमतपूरची गाडी निघून गेलेली असायची. मग घरी जायला संध्याकाळचे पाच. गाडी पन्नास मिनिटं आधी सुटली तर ती गाडी मिळायची आणि मी दोनला घरात. पाळण्याजवळ.

कंडक्टरच्या सोयीसाठी कोण वेळ बदलतंय? मग मी शक्कल लढवली. त्या काळी गावचं दूध आमच्याच गाडीच्या टपावरून तालुक्याला जायचं. मी गावातल्या दूधवाल्यांना पटवलं की लवकर पोचलं तर दूध नासणार नाही. माझ्या हातानं अर्ज लिहिला, त्यांच्या सह्या-अंगठे घेतले आणि दाखल केला. महिन्यात वेळ बदलली. मी पेढे वाटले होते.

पुढं चार वर्षांत डेअरीचा टेम्पो गावातच यायला लागला. टपावर कॅन चढायचे बंद झाले. वेळ तेवढी राहिली, आणि ती परत मागं घ्यावी असं माझ्या मनातही आलं नाही. का येईल? दोनला घरी पोचत होतो. माझी प्रियदर्शनी घरासमोरच्या शाळेत शिकली. सकाळी मी घरी असलो की शेजाऱ्यांना दटवायचो, “आवाज करू नका, पोरगी झोपलीय.” साडेसहापर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही, असा दंडक होता माझा. आज ती पुण्यात लॅबमध्ये आहे. चांगलं झालं तिचं.

दुसऱ्यांच्या पोरींच्या झोपेतला तास काढून मी माझ्या पोरीला जोजवलं, हे त्या दिवशी स्टॅण्डवर कापूस हातात धरून मला कळलं. लाज वाटली. 

“काय झालं, काका?” अंकितानं विचारलं.

“काय न्हाई. जा, तोंड धू,” मी म्हणालो. पण मनाशी गाठ बांधली. फेब्रुवारीच्या आत ही गाडी सहाला सुटली पाहिजे. नाहीतर मी कंडक्टरचा बिल्ला घालायच्या लायकीचा नाही.

दुसऱ्याच आठवड्यात अर्ज घेऊन आगारात वाहतुकीच्या साहेबांसमोर उभा राहिलो. धैर्यशील साहेब तिशीतले, हुशार. त्यांनी अर्ज वाचला, माझी वे-बिलं, म्हणजे फेऱ्यांच्या तिकिटांचे हिशोब, चाळली.

“खरंच की. सगळे पासवालेच आहेत. मग ही वेळ ठेवली कोणी एवढी अडनिडी?” असं म्हणून त्यांनी जुनी फाईल मागवली. धूळ झटकून एक पिवळा कागद काढला. “दूध उत्पादकांची मागणी, दोन हजार साल. वा! अक्षर बघा, मोत्यासारखं. कोणी लिहिलंय कोण जाणे.”

 सत्तावन्न वर्षांचा माणूस मी, आणि शाळेतल्या पोरासारखी मान खाली घातली.

“वेळ बदलायला माझी हरकत नाही,” साहेब म्हणाले. “या गाडीच्या पुढच्या फेरीची अदलाबदल मी दुसऱ्या गाडीशी करून देतो. पण दोन गोष्टी आणा. ग्रामपंचायतीचा ठराव, कारण त्या वेळी गावानं मागितलंय, तर आता गावानंच सोडायला हवं. आणि त्या ड्युटीवरच्या दोन्ही जोड्यांची संमती. नाहीतर उद्या युनियन माझ्या दारात.”

बिरदेवची संमती म्हणजे प्रश्नच नव्हता. तो म्हणाला, “ज्ञानूदा, तासभर जादा झोपाय मिळतंय म्हटल्यावर मी कशाला न्हाई म्हणू? आन मला सांग, बारक्या पोरांची शाळा सरकारनं नऊला न्हेली. ही मोठी झाली म्हणून काय त्यांचं डोळं लोखंडाचं झालं?”

दुसऱ्या जोडीचा ड्रायव्हरही लगेच तयार झाला. अडलं ते त्याच्या कंडक्टरपाशी, जोतिबापाशी. विश्रांतीच्या खोलीत तो डबा खात होता. कोरेगावकडचा पोरगा, चार वर्षं झाली नोकरीला. मी विषय काढला तसा त्यानं घास खाली ठेवला.

“न्हाई जमायचं, ज्ञानूदा.”

“आरं पन्नास मिनिटांचा तर परश्न.”

“पन्नास मिनिटांनी माझी कराडची गाडी चुकती. घरला जायला पाच वाजत्यात.” त्यानं मोबाईल काढून फोटो दाखवला. दुपट्यात गुंडाळलेलं, डोळे मिटलेलं एवढंसं तोंड. “चार महिन्यांची हाय. बायकू एकटी. तुमी मे म्हैन्यात हार घालून घरी जाताय, आन जाता जाता हे आमच्या गळ्यात बांधताय व्हय?”

मला हसावं की रडावं कळेना. पंचवीस वर्षांनी माझंच बोलणं माझ्यासमोर डबा खात बसलं होतं. चिडायला जागाच नव्हती. पोरगा खोटं काय बोलत होता? मी त्याच्या जागी होतो तेव्हा मी तर खोटा अर्जसुद्धा केला होता.

“मग तू मुक्काम सोड,” मी म्हणालो.

“आन करणार कोण? कोण घेतंय मुक्काम?”

“मी. रोज. तुझा बी दिवस माझाच. तू माझ्या बदल्यात दिवसाची ड्युटी घे, सांजला घरी जा.”

तो बघतच राहिला. “म्हैन्याभरात आजारी पडाल. ह्या वयात रोज गाडीत झोपायचं?”

“मे पातुर. आठवड्याची सुट्टी तेवढी कुणीतरी बदली घील. सही कर.”

त्यानं सही केली. मग डब्यातला खर्डा माझ्यापुढं सारला. आम्ही दोघं एका डब्यात जेवलो.

शकुंतलेला रात्री फोनवर सांगितलं. 

“म्हंजे मे म्हैन्यापातुर आठवड्यातनं एक रात घरी?” तिनं विचारलं.

“व्हय.”

“आन हे मला इचारून केलंत का सही करून सांगताय?”

“सही करून.”

“मग कशाला इचारताय? झोपा तिकडंच.” तिनं फोन ठेवला. दहा मिनिटांनी परत केला. “जाडी वाकळ घिऊन जावा. खिडकीतनं वारं येतं म्हणत हुता न्हवं?”

ठरावासाठी ग्रामपंचायतीची बैठक रविवारी सकाळी ठेवली. पन्नास-साठ माणसं जमली. अंकिता आणि तिच्याबरोबरची सात-आठ पोरंही मागं भिंतीशी उभी राहिली. अंकिताचा मोठा भाऊ ऋषिराज दाराशी टेकून उभा होता. पंचविशीचा, उंचापुरा, दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतो. त्याला मी ओळखत होतो. पूर्वी तोही याच गाडीनं कॉलेजला जायचा, डाव्या बाजूच्या तिसऱ्या खिडकीत बसायचा आणि बसल्या बसल्या झोपायचा. मीच त्याला कुंभकर्ण म्हणायला सुरुवात केली होती. गाडीतून ते नाव गावात गेलं.

सरपंचांनी विषय वाचला. लगेच नाथाजी आबा काठीवर जोर देऊन उठले. ऐंशीच्या घरातला म्हातारा, गावातला पहिला मोठा दूधवाला.

“ही येळ आमी मागून घेतलेली हाय,” ते म्हणाले. “त्या कागदावर पैली सही माझी. आन कशाला बदलायची? चारला उठणारं गाव हाय हे. आमच्यातली पंधरा पोरं फौजेत हायेत, ती काय लोळून गेली? पोरांस्नी झोपा काढाय लावशिला तर उद्या ही काय दिवं लावणार हायेत!”

माणसांनी माना डोलावल्या. कुणीतरी मागून म्हणालं, “खरं हाय, सारं मोबाईलनं वाटोळं केलं.” माझंच वाक्य, माझ्याच तोंडावर. सरपंच गडबडले. विषय पुढच्या बैठकीला ढकलावा असं काहीतरी पुटपुटायला लागले. पुढची बैठक म्हणजे जानेवारीअखेर, आणि फेब्रुवारीत बोर्ड.

मी उठलो.  भर गाडीत शंभर माणसांवर ओरडणारा मी, पण त्या दिवशी हळूच बोललो.

“आबा, ती येळ तुमी मागितली न्हाई,” मी म्हणालो. “मी मागितली. अर्ज माझ्या हातचा हाय. तुमच्या दुधाचं निमित्त केलं. माझी पोरगी तान्ही हुती, मला घरला लवकर जायाचं हुतं. पंचवीस वर्सं ह्या गावची पोरं माझ्या सोईनं उठत्यात. दूध तर कवाच बंद झालं.”

माणसं माझ्याकडं वळून बघायला लागली.

“फौजेत बी, आबा, गडी पहारा देतो, पन येळ झाली की दुसरा गडी त्याला सोडीवतो आन त्यो झोपतो. ह्यास्नी कोण सोडीवतंय? तुमाला मला काय शिव्या घालायच्या त्या घाला. पन ठराव आज करा.”

नाथाजी आबा माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता काठी उचलतात. त्यांनी फक्त विचारलं, “म्हंजी आमचं दूध नासत न्हवतं?”

“तसं काय लय नासत न्हवतं, आबा.”

“मला तवाच वाटलं हुतं,” म्हातारा म्हणाला आणि खाली बसला. बसता बसता म्हणाला, “लय पाजी हाईस, ज्ञानू. घ्या ठराव. करा सहाला.”

ठराव झाला. माणसं पांगली. मी बाहेर चपला शोधत होतो, तेव्हा अंकिता समोर आली. तिच्या ओठावरची खपली अजून गेली नव्हती. मला वाटलं, पोरगी खूश असेल.

“दादा बी ह्याच गाडीनं जायचा,” ती म्हणाली.

एवढंच. काका म्हणाली नाही.

“बारावीला फिजिक्सच्या पेपरात झोपला तो. उठवलं तवा अर्धा तास ऱ्हायला हुता. नापास झाला. पुन्हा बसलाच न्हाई. सगळी कुंभकर्ण म्हणत्यात, मग कशाला बसंल?”

ऋषिराज थोडा लांब उभा होता. त्यानं ऐकलं की नाही, मला माहीत नाही. तो बहिणीला म्हणाला, “चल गं, वैरण टाकायची हाय.” आणि दोघं ओढ्याकडं गेली.

त्यानंतर पंधरा दिवस अंकिता गाडीत यायची, पास दाखवायची, बसायची. काका हा शब्द तिनं टाकूनच दिला होता. बरोबर होतं तिचं. मी तिच्या जागी असतो तर पासही दाखवला नसता. त्या पंधरा दिवसांत मी आगारात सात चकरा मारल्या. एकदा कागद हरवला, एकदा साहेब रजेवर, एकदा शिक्का नाही. शेवटी मी साहेबांच्या दारात स्टूल टाकून बसलो आणि शिपायाला सांगितलं, चहा पाज नाहीतर हाकलून दे, पण कागद घेतल्याशिवाय उठणार नाही. चहा मिळाला. संध्याकाळी कागदही मिळाला.

सोळा डिसेंबरपासून हिवरखिंडीची गाडी सहाला.

पंधराच्या रात्री गाडी देवळासमोर लावली. शकुंतलेची वाकळ अंगावर घेतली. झोप चांगली लागली, पण सवय कुठं जाते? सव्वाचारला टक्क डोळे उघडले. बिरदेवही उठला होता. अर्धवट झोपेत तो ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला आणि त्याचा हात हॉर्नकडं गेला. मी तसाच अनवाणी पळालो आणि त्याचा हात धरला.

“आरं थांब! झोपू दे.”

तो भानावर आला, जीभ चावली. मग आम्ही दोघं काचेतून बाहेर बघत बसलो. एवढ्या वर्षांत या वेळी गाव मी असं कधी बघितलं नव्हतं. एरवी हॉर्न वाजला की एकेक दिवा लागायचा, बादल्या वाजायच्या, कुणाची तरी आई कुणाच्या तरी नावानं ओरडायची. आज सगळा अंधार. कुत्रीसुद्धा गप्प. मला असं बरं वाटत होतं की काय सांगू.

तेवढ्यात ओढ्यापलीकडं अंकिताच्या मळ्यात दिवा लागला.

 म्हटलं, झालं का! पोरगी सवयीनं उठली. सगळं करून काय उपयोग? दिव्याकडं बघत राहिलो. थोड्या वेळानं ओढ्याच्या वाटेनं एक बॅटरी हलत हलत आली. गाडीच्या दारात ऋषिराज उभा. हातात किटली, खिशात दोन पेले.

“अंकी उठली काय रं?” मी विचारलं.

“न्हाई. झोपलीय.” तो इतक्या हळू बोलत होता, जणू ती शेजारच्या सीटवर होती. “भाकऱ्या मी टाकल्या आज. येतील तशा. म्हटलं, तुमी हॉर्न वाजिवताय का काय, बघावं. म्हणून आलो.”

“न्हाई वाजवत, गड्या. आता पैला हॉर्न पाच-पाचला.”

त्यानं आम्हा दोघांना चहा ओतून दिला. मी पेला हातात घेतला. म्हटलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

“ऋषिराज, तुझं वाटोळं मी केलं. वर नाव बी ठेवलं. मला माफ कर म्हणायला तोंड न्हाई, पन म्हणतो.”

त्यानं किटली खाली ठेवली. किटलीचं झाकण बसवलं, काढलं, परत बसवलं. “मला वाटायचं, माझ्यातच काय तरी खोट हाय,” तो म्हणाला. “बाकीची बी त्याच गाडीनं जात हुती न्हवं. ती पास झाली.” मग जरा थांबून, “बसू का हितं जरा? सहाला उतरतो.”

“आरं बस की.”

तो आत गेला. डाव्या बाजूची तिसरी खिडकी. तिथं जाऊन बसला, हाताची घडी घातली, काचेला डोकं टेकलं. मी चहा संपवून पेला परत द्यायला गेलो तर पोरगा गाढ झोपलेला. तोंड थोडं उघडं. आठ वर्षांपूर्वी असाच झोपायचा, आणि मी तिकिटाच्या चिमट्यानं त्याच्या डोक्यावर टकटक करून गाडीभर हशा पिकवायचो. मी माझी वाकळ आणून त्याच्या अंगावर टाकली. डोळ्यांतून पाणी आलं, ते बिरदेवनं बघितलं आणि तोंड फिरवून काच पुसायला लागला.

पाच-पाचला आणि पाच-पस्तीसला हॉर्न झाले, तरी ऋषिराज हललासुद्धा नाही. पावणेसहापासून पोरं यायला लागली. काय ती पोरं! केस विंचरलेले, तोंडं धुतलेली, आणि तोंडाची टकळी चालू. एवढी बडबड या गाडीनं सकाळी कधी ऐकली नव्हती. मी दारात उभा राहून प्रत्येकाला ओठावर बोट ठेवून दाखवत होतो.

“आवाज करू नका रं. पोरगं झोपलंय.”

पोरं तिसऱ्या खिडकीकडं बघायची आणि चवड्यांवर चालत मागं जाऊन बसायची. एकानं कुंभकर्ण म्हणून तोंड उघडलं, त्याचा कान मी असा पिळला की त्यानं शब्द गिळला.

एकतीसातली शेवटची अंकिता. धावत आली, दम लागलेला, डोळे लख्ख उघडे. पायरीवरच तिला भाऊ दिसला. ती थबकली. त्याच्याकडं बघत राहिली, मग वाकळीकडं, मग माझ्याकडं. सहाला दोन मिनिटं कमी होती. मी त्याला उठवायला म्हणून पुढं सरलो.

तिनं माझी बाही धरली.

“ऱ्हाऊ द्या, काका,” ती हळूच म्हणाली. “झोपू द्या त्याला. तालुक्याला जाऊन यील परत.”

ती त्याच्याशेजारी बसली. वळणावर त्याचं डोकं आपटू नये म्हणून आपलं दप्तर त्याच्या आणि काचेच्या मधे सरकवलं. बिरदेवचा हात शेवटच्या हॉर्नकडं गेला होता. मी मान हलवून नको म्हटलं, सगळी आली होती. सहा वाजले. मी बेलच्या दोरीला हात लावला नाही. पुढं गेलो, बिरदेवच्या खांद्यावर थोपटलं, आणि त्यानं गाडी हळू सोडली.